स्टिअरिंग सरळ असताना

अंबडला, तिसऱ्या पाळीत,
रोलरवर बांधलेली गाडी ऐंशीनं पळते
आणि जागची हलत नाही.
चारी बाजूंनी पट्टे, मागच्या नळीला पिशवी.
मी काचेपलीकडे, चहा गार होईतो आकडे उतरवते.
आकडे कसे, तर दाखवायला बसवलेल्या मुलीसारखे:
मान खाली, हातात पोह्यांची बशी,
विचारलं तेवढंच उत्तर.

ती ओळ मला कुणी दाखवली नाही.
सापडली,
चार हजार ओळींच्या पार शेपटाला:
चाकं फिरतायत,
स्टिअरिंग मात्र एक अंशही वळलेलं नाही,
तर समज, परीक्षा आहे.
युरिया पुरता सोड. शहाण्यासारखी वाग.

आणि नाहीतर?
नाहीतर म्हणजे बाकी सगळं.
द्वारकेचा चौक, मुंबई नाक्याचा वळसा,
सातपूरच्या पुढे
म्हैस आडवी आली म्हणून झटकन वळवलेला हात.

"कुणी लिहिली?"
बोरस्ते म्हणाले, "वरून आलीय."
आमच्या वर पत्रे आहेत.
पत्र्यांवर पारवे.

आप्पांचं गॅरेज भद्रकालीत होतं.
धूर तपासायला ते यंत्र लावत नसत.
पांढरा रुमाल सायलेन्सरच्या तोंडाशी धरायचे,
गिऱ्हाइकासमोर उलगडायचे
आणि काही न बोलता नोझल खोलायला बसायचे.
आई म्हणायची, या माणसाचे रुमाल
कुठल्याच साबणाचं ऐकत नाहीत.

रविवारी तीच गाडी मागून घेतली.
डिकीत मोजायचं यंत्र, मागे नळी.
पाथर्डी फाटा सोडला, पांडवलेण्यांचा डोंगर बाजूला ठेवून
विल्होळीच्या दिशेनं.
पहिल्याच वळणावर तिला कळलं
की कुणी बघत नाहीये.
आकडा चढला. नऊ पट, अकरा पट,
तेरावर थांबला.
आणि इंजिन असं मोकळं झालं
की, खोटं कशाला बोलू,
मला मजा आली.

ढाब्याशी थांबले. गाडी चालूच ठेवली.
नळी काढून रुमाल धरला.
पांढराच राहिला.

हा वायू काळा नसतो, आप्पा.
काजळी गाळून घेणारी जाळी आहे आता पोटात.
जे निसटतं ते दिसत नाही,
नाकात जरासं चुरचुरतं,
शेजारच्या घरात कुणी कांदा चिरत असल्यासारखं.
तुमचा रुमाल हिला पास करतो.

घडी करून पर्समध्ये ठेवला.
धुवायचा नाही म्हटलं,
तर धुण्यासारखं त्यावर काही नव्हतंच.

सोमवारी एका कागदावर दोन रकाने पाडले:
सरळ असताना. वळल्यावर.
खाली नाव लिहिलं, कल्याणी धात्रक,
मग हात थांबला,
कारण याआधीच्या दोनशे बारा कागदांवरही
हेच नाव आहे, हीच सही,
निळ्या शाईत, ठसठशीत.

बोरस्तेंनी कागद वाचला नाही लगेच.
टेबलाच्या कडेशी जुळवून
आधी नीट सरळ केला.