उजवी कड

एम्मेटला मी डाव्याच कडेवर घेते.
त्याच्या आधी थियाही डावीकडेच वाढली.
माझा डावा दंड सुताराचा झालाय,
आणि उजवीकडे, पट्ट्याच्या आत,
क्लेटनच्या जुन्या सैल शर्टाखाली
चोवीस औंस.

पोकाटेलोत थंडी लवकर येते, हे एक बरं.
जाकिटाला कुणी कारण विचारत नाही.
उन्हाळा अवघड.
पोरं नदीतून ओरडतात, आई, ये ना,
आणि मी काठावर टॉवेल राखत बसते.
घसरगुंडीवर बसत नाही.
सांडलेलं सीरियल उचलताना
वाकायचं गुडघ्यात, कमरेत नाही,
नाहीतर शर्ट वर जातो.
हे गस ओल्डरॉइडनं शिकवलं,
चर्चच्या तळघरात, घडीच्या खुर्च्यांवर,
बोटांची साखर चाटत.

दोन हिवाळ्यांपूर्वी एका ट्रकनं
अकरा मैल माझ्या काचेत दिवे रोखून धरले.
मी वळले की तो वळायचा.
शेरीफचा माणूस पोचेपर्यंत
मागच्या सीटवर थियाला झोप लागून गेली होती.
माझी अजून लागायची आहे.

क्लेटन म्हणाला, एक घेऊन ठेव.
माझी आई म्हणाली, असलं काही घरात आणू नकोस.
दोघंही माझीच कड घेत होती.

परवा हॅलोरनच्या शेतावर गेलो, भोपळे आणायला.
तिथे मक्यात वाटा कापून भुलभुलैया केलाय,
माणसाहून उंच, वाळलेला,
वारा नसतानाही कुजबुजणारा.
थिया पुढे, लाल टोपीत.
एक वळण, टोपी. दुसरं वळण, टोपी.
तिसऱ्या वळणावर नुसता मका.

हाक मारली.
कुणाच्या तरी दुसऱ्याच मुलीनं ओ दिली.
मी पळाले. कडेवरचं पोर हिंदकळत होतं,
त्याला वाटलं खेळ आहे, ते हसत होतं.

मग ती दिसली,
आणि तिचा हात एका माणसाच्या हातात.
दाढी. लांब कोट. दुसरा हात खिशात.

माझा उजवा हात माझ्या आधी निघाला.
शर्टाचं टोक अंगठ्यात आलंसुद्धा,
गसनं शंभरदा करून घेतलं होतं तसं.
मला काहीच ऐकू येत नव्हतं,
फक्त एम्मेट माझी कॉलर चघळत होता
तो ओला आवाज.

"तुमचीच ना ही?" माणूस म्हणाला.
"म्हणते, मी हरवले नाहीये, कणसं मोजतेय."
आणि खिशातला हात बाहेर काढला.
त्यात तिचा हातमोजा होता,
चिखल झटकलेला.

मी आभार मानले. शर्ट खाली ओढला.
त्यानं पाहिलं की नाही, कळलं नाही.
थोडा वेळ तो तसाच उभा राहिला,
मग म्हणाला, बाहेरची वाट डावीकडे आहे.

गाडीत भोपळा मांडीवर घेऊन थिया गप्प होती.
रेल्वे फाटकाशी मालगाडी लागली, लांबलचक.
ती डबे मोजेल असं वाटलं.
ती म्हणाली,
"मी आले तेव्हा तू हात पुढे केला नाहीस.
एकात एम्मेट होता.
पण दुसरा मोकळा होता ना तुझा?"

मी म्हटलं, बेल्ट नीट लाव.

रात्री ते कपाटातल्या पेटीत ठेवलं.
आकडे तिच्या वाढदिवसाचे नाहीत,
ते तिला येतात.
कमरेवर त्याचा वळ उठलेला,
रोज उठतो, सकाळपर्यंत जातो.
एम्मेट रडत उठला
तेव्हा त्याला उजव्या कडेवर घेतलं.
त्याला ती बाजू माहीत नव्हती.
पाय कुठे टाकावेत कळेना,
परक्या बाईकडे दिल्यासारखा
अंग ताठ करून तो डावीकडे झेपावत राहिला.

मी धरून ठेवलं तसंच,
दूध कोमट होईपर्यंत.

उद्या सोमवार.
डायपर संपलेत, दुकानात जायचंय.
क्लेटनचा तो शर्ट
अजून ड्रायरमध्ये फिरतोय.