बोरीच्या दोन पुड्या

कावेरी गिरामनं दोन पुड्या टेबलावर ठेवल्या,
दोन्ही बोरीच्या.
एक काळीची, पाटाजवळच्या शेतातली.
दुसरी पांढरीची, जुन्या गावठाणाच्या टेकाडावरची.
"पांढरी कामून आणली?"
"कुणी मोजलीच न्हाई, मॅडम."
तिच्या प्रबंधाच्या आराखड्यात ती नव्हती.
मी रजिस्टरमध्ये नंबर टाकला. एकशे बारा, एकशे तेरा.

सावलीत वाळवल्या.
काळीचं ढेकूळ लाकडी हातोडीला दाद देईना,
पांढरी चिमटीतच विरली.
दोन मिलिमीटरच्या चाळणीखाली दोघी सारख्याच,
रंग सोडला तर.

प्रत्येकी पाच ग्रॅम. नळीत सोडियम ॲसिटेट,
हलव, फिरव, ओत. पुन्हा तेच. पुन्हा तेच.
सव्वीस वर्षं मी हे करते
आणि नव्या पोरींना एकच गोष्ट सांगते:
मातीच्या कणावर जन्मतःच ऋण असतं.
फेडायचं नसतं ते.
त्याच्याच जोरावर तो कॅल्शियम धरतो, पोटॅश धरतो,
आणि मुळानं मागितलं की
बदल्यात काहीतरी घेऊन सोडतो.
आपण फक्त सगळ्या जागांवर सोडियम बसवायचा.
मग अल्कोहोलनं धुवायचं,
जे नुसतेच दाराशी उभे होते ते निघून जातात.
मग अमोनियम पाठवायचा: उठा.
किती बसले होते ते
उठल्यावर मोजायचं.

सेंट्रिफ्यूजचा मात्र एक हट्ट असतो,
समोरासमोरच्या नळ्या सारख्या वजनाच्या हव्यात,
नाहीतर अख्खं टेबल थरथरतं.
मी तराजूवर थेंबाथेंबानं जुळवलं
आणि काळीसमोर पांढरी बसवली.
झाकण लावलं.
गावात या दोघींच्या मध्ये एक शीव असते,
इथं फिरताना कळतही नव्हतं
कोण कुणाच्या मागं आहे.

तिसऱ्या धुण्याला लाईट गेली.
फिरती हळूहळू थांबण्याचा तो आवाज,
दळण संपत आलेल्या गिरणीसारखा.
अंधारात कावेरीनं विचारलं,
"तुमचं घर माळवदाचं होतं का?"
होतं. सेलूजवळ.
दर उन्हाळ्याच्या शेवटी आई टेकाडावरून पांढरी आणायची,
आम्ही पाट्या वर द्यायचो, ती अनवाणी पसरायची.
एकदा मी हट्टानं शेतातली काळी नेली.
"ती नको बाई," आई म्हणाली,
"ती पाणी पिऊन फुगती, मग रुसून तडकती.
डोक्यावर घ्यायची ती नव्हं."

लाईट आली. लतीफभाईंनी फ्लेम पेटवली.
मिठाची ज्योत ती, पिवळी,
हळदीहून पिवळी.
काळी: सत्तावन्न पूर्णांक चार.
पांढरी: अठरा पूर्णांक नऊ.
कावेरीचा चेहरा पडला.
"चुकलं असंल," म्हणाली. पुन्हा केलं सगळं,
पाच ग्रॅमपासून, दुपार संपेस्तोवर.
अठरा पूर्णांक सहा.

कमी धरते ती.
म्हणून फुगत नाही, म्हणून तडकत नाही,
म्हणून तिच्याखाली पाळणे टांगले माणसांनी
आणि जी घट्ट धरते तिच्यात ज्वारी टाकली.
कुणाच्या नळीत बघून ठरवलं असेल हे?
मी बोलले नाही काही. आकडा लिहिला.
शेऱ्याच्या रकान्यात कावेरीनं पेन टेकवला,
एक ठिपका उमटला, तेवढाच.

पुडीत ओंजळभर पांढरी उरली होती.
नियम सांगतो, चाचणी झाली की बादलीत टाका.
लतीफभाईंनी हात पुसत वर पाहिलं,
खोली नंबर अकराच्या सिमेंटच्या स्लॅबकडं,
गेल्या पावसाळ्याचा तो डाग
आणि त्याच्याखाली अजून तशीच ठेवलेली घमेली.
"बाई," ते म्हणाले,
"अजून किती आणता येईल बोरीहून?"