मुका मार

पडद्यावर तो खांबाला बांधलेला.
आसूड उठतो, पडतो; आवाज नाही.
आवाज ब्रोन्या देते,
वूच शहरातल्या एका तळघरात:
कोबीच्या गड्ड्यावर ओला पट्टा.

"अजून," काचेपलीकडून दिग्दर्शक,
"पाठीची सालटं निघाल्यासारखं वाटू दे.
उपवासकाळात बसगाड्या भरून येतील माणसं.
त्यांना रडायचंय."

एकोणचाळीस फटके.
चौदाव्याला गड्डा फुटला.
सकाळी एकदम सहा घेतले तेव्हा
भाजीवाला म्हणाला होता, घरी लग्न की काय?

बापाचा पट्टा असाच होता, पितळी बकलाचा.
पण त्याला आवाज नव्हता.
रेडिओ मोठा केलेला असायचा.
आई बटाटे सोलत राहायची,
साल तुटू न देता.
भिंतीपलीकडे शेजारीण जपमाळ ओढायची,
एकही मणी न गाळता.

आता एकदाच, फक्त एकदाच,
ब्रोन्या पट्टा मारते
जसा आठवतो तसा.

हेडफोनमध्ये खरखर.
"हा खोटा वाटतोय. पुन्हा."

ती पुढचा गड्डा मांडते.
पायाशी सांडलेली पानं पिशवीत भरते;
शुक्रवार आहे, रात्री सूप होईल.
लेक चमचा चाटत विचारेल,
आई, आज कोणाला मारलंस?