वीस फूट

डॉक्टर शहाणेबाईंनी टॉर्च विझवला आणि विचारलं,
"पापण्या मिटता की नाही?"
जसं काही ते खातं मी दुसऱ्या कुणाकडे सोपवलंय.
मिनिटाला पंधरा वेळा तरी मिटायला हव्यात म्हणे.
हातात मोबाइल देऊन माझ्या मोजल्या त्यांनी.
भरल्या चार.

अठरा वर्षं अप्पा बळवंत चौकामागच्या तळघरात
मी लोकांची अक्षरं लावते आहे.
दहावीची गाइडं, लग्नपत्रिका, दशक्रियेची कार्डं,
सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, ज्यात पाण्याचं भांडण कायम पान चारवर.
आमची सुलभा डोळ्यांत तेल घालून काम करते,
मालक येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे.

मग या वैशाखात
धुळीचा एक ठिपका स्क्रीनवर
नेमका 'का'च्या डोक्यावर येऊन बसला.
मी त्याला अनुस्वार समजले.
छापून आलं : चि. सौ. का.
वधूपिता चारशे पत्रिका काउंटरवर आपटून म्हणाले,
"का म्हणजे काय? आम्ही उत्तर द्यायचं का आता?"

डोळ्यांत वाळू, कपाळात खिळा,
संध्याकाळी लक्ष्मी रस्त्याचे दिवे
भिजलेल्या कापसासारखे फुगलेले.

औषधं दोन.
एक बाटली, कृत्रिम अश्रू, एकशे ऐंशी रुपये,
फोडल्यापासून महिन्यात संपवायची.
आई गेली तेव्हा तिचं कार्ड मीच लावलं होतं.
शोकाकुलमधला कु ऱ्हस्व, हे दोनदा तपासलं,
नावाचा फाँट तीनदा बदलला.
त्या महिन्यात अशी बाटली
माझ्याच्यानं अर्धीसुद्धा भरली नसती.

दुसरं औषध फुकट :
दर वीस मिनिटांनी, वीस फुटांवरचं काहीतरी, वीस सेकंद बघायचं.
"म्हणजे कामाकडे काणाडोळा करायचा," मी म्हटलं.
"करा," बाई म्हणाल्या. "लिहून देते हवं तर."

पण तळघरात वीस फूट आणायचे कुठून?
एफोर कागद उभे लावत गेलं तर साडेवीस होतात.
आमचं दुकान अकरा कागदांत संपतं,
बाराव्यावर प्रिंटर, पुढे भिंत, भिंतीवर कॅलेंडर.
पंख्याचं तोंड वळवलं.
मॉनिटरखालचे गाइडांचे दोन गठ्ठे काढले,
स्क्रीन नजरेच्या जरा खाली आला,
तेवढाच मान राखल्यासारखा वाटला.
आणि सात पायऱ्या चढून
गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले.

दुचाक्या जवळ. उसाचा रस जवळ.
समोर, मधल्या सगळ्या गर्दीपलीकडे,
आतारांचं घड्याळाचं दुकान, पेटीएवढं.
एका डोळ्याला भिंग लावून वाकलेले आतार.
हेच वीस फूट, ठरवून टाकलं.

चार दिवस नुसतं बघितलं.
मालकांना वाटायचं, चहा.
पाचव्या दिवशी त्यांनी भिंग काढलं,
डोळ्याभोवती लाल वर्तुळ, शिक्का मारल्यासारखं,
आणि गल्ली ओलांडून आले.
"बाई, घड्याळ बिघडलंय का?
रोज बघता, बोलत नाही."
मी म्हटलं, "तुम्ही माझं औषध आहात."
मग घाईघाईनं सगळं सांगितलं,
वीस, वीस, वीस, आणि चार पापण्यांचं.

ते हसले नाहीत.
म्हणाले, "आमचे वस्ताद शिकवताना
प्रत्येक घड्याळानंतर टपली मारायचे.
वर बघ, घार शोध.
सापडलीच पाहिजे असं नाही."

आम्ही दोघांनी वर बघितलं.
केबलच्या वायरी, एक फाटकं प्लास्टिक,
त्यामागे चार बोटं आभाळ, पांढुरकं.
घार नव्हती.
मी मोजत होते, बारा, तेरा,
आणि मध्येच कधीतरी पापण्या आपल्या आपण मिटल्या,
एकदा, पुन्हा एकदा,
डाव्या डोळ्यातून थोडं पाणी आलं, बाटलीतलं नसावं,
सकाळी थेंब घालायचे राहिले होते.

खालून मालकांची हाक आली.
आतार म्हणाले, "जा. मी बघतो तोवर."