शिवणीतली माया

अंबडच्या एमआयडीसीत, दुसऱ्या मजल्यावर.
खाली पत्रा वाकवणारा प्रेस;
त्याच्या दर ठोक्याला माझा चहा कपात दचकतो.
तिथे बसून मी एक नोंद ठेवणारी गोष्ट आखली:
कोण आलं, कोणतं दार उघडलं, किती वाजता.
काम साधंच, पण ते कुठल्याच एका खोलीत मावत नाही.
आवक, तपासणी, वजन, थंड खोली, बिल,
सगळ्या उभ्या धाग्यांतून
त्याला आडवं जावं लागतं.
म्हणून ते वेगळं काढलं, एकदाच लिहिलं,
आणि जिथे जिथे दार, तिथे तिथे विणून टाकलं.
गायधनी सर म्हणाले, "वा! आता हे कुठेही चालेल."

पिंपळगावच्या द्राक्षांना चाललं.
मग नाशिकरोडची रक्तपेढी आली.
पहिल्याच चाचणीत पडद्यावर उमटलं:
बी पॉझिटिव्ह, दोन पेट्या, मण्यांचा आकार नोंदवा.
डॉक्टर क्षेमकल्याणी आधी हसल्या,
मग हसायच्या थांबल्या.
"दात्याचं नाव इथे दिसता कामा नये. कुणालाच."
मी प्रत केली. नाव काढलं, मणी काढले.
लासलगावच्या कांद्याच्या शेडला थंड खोली नव्हती,
दारही नव्हतं, ताडपत्री होती.
पुन्हा प्रत.
ऑगस्टपर्यंत एका गोष्टीच्या सात झाल्या.
एकीची चूक सुधारली
की उरलेल्या सहा जणी तोंड फिरवून बसत.

रविवारी भद्रकालीतल्या दुकानात
आई मंदाताई बोरस्त्यांचा ब्लाउज उसवत होती,
अकरा वर्षांपूर्वी तिनेच शिवलेला.
ब्लेडच्या टोकाने एकेक टाका.
आतून कापड निघालं, बाहेरच्याहून गडद,
कधी ऊन न पाहिलेलं, दोन बोटं रुंद.
"माया," ती म्हणाली,
जणू हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होते.

मग सगळीकडेच का नाही सोडत?
"काखेत गोळा होतो. बाईला हात वर करता येत नाही."
तोंडात दोन टाचण्या, त्यामुळे बाकीचं तुटक तुटक:
"खांदा बदलत नाही. दंड बदलतो. कंबर बदलते.
बाही लांब घेतली तर कोपराशी माया हवीच.
हुक मागे घेतले तर पुढे नाहीत.
एवढं आधी ठरवायचं. मग कात्री."

सोमवारी मी साती जणी एकीवर एक पसरल्या.
जिथे सगळ्या जुळल्या, तिथे पक्की रेघ: खांदा.
जिथे नाही, तिथे कापड आत दुमडलं.
नाव दिसावं की झाकावं.
तापमान, असलंच तर.
दाराला दार म्हणणं सोडून
'आत येण्याची जागा' म्हणायला मला दोन दिवस लागले.
आणि एक अट, कोपराशी:
नाव झाकलं, तर किल्ली कुणाकडे
ते लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

गायधनी सर पडद्याजवळ वाकले.
"इतक्या मोकळ्या जागा? अर्धवट वाटतंय."
अर्धवट नाही सर, आत आहे, मी म्हटलं.
त्यांना पटलं नसावं. प्रेस तेवढा ठोकला.

ऑक्टोबरात देवळालीच्या अभ्यासिकेने चार उत्तरं दिली
आणि चाळीस मिनिटांत त्यांची नोंदवही उभी राहिली.
एकाच ठिकाणी घट्ट बसली:
तिथली मुलं परीक्षेच्या दिवसांत
आत येतात आणि रात्री बाहेर पडतच नाहीत.
तारीख बदलते, माणूस तोच, खुर्ची तीच.
अशा येण्यासाठी मी काहीच सोडलं नव्हतं.

आईला फोन केला.
मशीन थांबल्याचा आवाज आला, मग तिचा.
"मग पट्टी जोड.
काखेत जोडली तर दिसत नाही.
आणि पुढच्या वेळी तिथे
एक बोट जास्त."