रीडिंग

बाबा वीज मंडळात मीटर वाचायचे.
घणसोली गावठाण, मग सेक्टर सात, मग नाल्याकाठच्या चाळी.
जिन्याखालच्या अंधारात टॉर्च धरून
काचेमागची ॲल्युमिनियमची चकती बघत बसायचे,
तिच्या कडेवरची लाल खूण
किती वेळाने परत समोर येते ते.
मी आठ वर्षांची, सुट्टीत सोबत.
वहीत आकडा लिहायचं काम माझं.

अजून तेच करते.

रात्रीचे सव्वादोन. ऐरोलीत चौदावा मजला.
समोर डेटा सेंटरच्या पंख्यांची घरघर,
खाडीपुलाचे दिवे पाण्यात उलटे टांगलेले.
इथून आकाशात मोजून चार तारे,
त्यातलं एक विमान.
स्क्रीनवर मात्र अकरा पिक्सेलांचा एक डाग:
दीर्घिका, तेराशे कोटी वर्षांहून जुनी.
शंभरीच्या माणसाला
आपलं तिसरं वर्ष आठवावं, तेवढीच स्पष्ट.

आधी भोवतीचा अंधार मोजायचा,
कारण अंधारही पुरता अंधार नसतो.
तो वजा करायचा.
उरेल तो उजेड.
नवजात ताऱ्यांचा, निळ्याहून निळा निघालेला,
येता येता ताणत गेलेला,
आता डोळ्यांना दिसतच नाही,
नुसती ऊब म्हणून पोचतो.

मग धूळ.
धुळीचं मला कुणी शिकवायला नको.
तुर्भ्याच्या खाणी जोरात होत्या तेव्हा
मावशीकडे दोरीवरचे कपडे वाळायचे ते राखाडी होऊन,
आणि ती न झटकता सांगायची,
हा पिवळा, हा मोरपंखी.
मीही तसंच करते. किती धूळ मध्ये आली असेल
ते धरून चालते, आणि उजेड वाढवून लिहिते.
थोडी जास्त धरली की तारे दुप्पट.
ह्या 'धरून चालण्या'वर
आमच्यात परिषदाच्या परिषदा भांडणं होतात.

आजचं उत्तर: वर्षाला सात सूर्य.
तीन इकडे, तीन तिकडे.

"सात म्हणजे?" बाबा. पाणी प्यायला उठलेले.
म्हणजे दरसाल सात सूर्यांइतका वायू
तारे होऊन पेटायचा. तेव्हा.
"आणि आपल्याकडे?"
एखाद-दोन, बाबा.
"मग आपलं बिल कमी."

मागे एक डाग मी सगळ्यात लांबचा म्हणून नोंदवला होता.
तीन आठवडे जिभेखाली खडीसाखर ठेवल्यासारखी हिंडले.
मग वर्णपट आला.
जवळचीच निघाली, धुळीनं लाल दिसलेली.
ती ओळ पुसायला घेतली तर बाबा म्हणाले,
पुसू नकोस. एकच रेघ मार.
खालचा आकडा वाचता आला पाहिजे,
आणि बाजूला सही.

आज ग्लास हातात तसाच धरून
त्यांनी रबाळ्याच्या पोशीराम मढवींचं सांगितलं.
कंपनी बंद पडलेली.
तीन महिने चकती जागची हलली नव्हती,
बाबांनी तिन्ही वेळा शेरा मारला: घर बंद.
चौथ्या महिन्यात ते टॉर्च विझवून वळले
आणि दार आतून उघडलं.
स्टोव्हवर भात शिजत होता.
"या की साहेब," म्हणाले,
"मी आहे. दिवा तेवढा लावत नाही."

एवढं सांगून बाबा झोपायला गेले.
ग्लास माझ्या कीबोर्डशेजारी राहिला.

माझ्या तक्त्यात शेवटी एक भाग आहे,
जिथे बघितलं आणि काहीच सापडलं नाही त्या जागांचा.
तिथे शून्य लिहायचं नसतं.
'ह्याहून कमी' असं लिहितात आणि एक आकडा.
इतकी वर्षं मी ते भराभर भरत आले,
रीत म्हणून.

दोनशे बारा ओळी.
पंखे घरघरतायत. पुलावरून एक टँकर गेला.
मी पहिली ओळ उघडते, पुन्हा
भोवतीचा अंधार मोजायला घेते,
आणि शेऱ्याच्या रकान्यात,
जो फक्त मीच वाचणार आहे,
लिहून ठेवते बाबांच्या अक्षरात:
दार वाजवलं. पुढच्या फेरीला परत.