अकरा मिनिटं

वसंतापर्यंत सगळं नव्यानं लिहा, असा टालिनहून हुकूम होता.
म्हणून मी बेटांच्या बोटींचं जुनं वेळापत्रक उसवत बसले
आणि दोन हजार एकशे चाळिसाव्या ओळीपाशी अडले.

धक्का तिसरा असेल,
वार गुरुवार असेल,
पारा उणे आठच्या खाली असेल,
तर बोट अकरा मिनिटं थांबव.

का, ते नाही.
वर टीप नाही, खाली टीप नाही.
नुसती आद्याक्षरं, हे. टा., आणि साल चौऱ्याण्णव;
भांड्यावर नाव राहतं
आणि भांडं कुणाच्या लग्नातलं ते पुसून जातं, तसं.

मी त्या चार ओळी काढल्या.
चाचण्या चालवल्या. चारशे बारा हिरवे ठिपके.
एकालाही त्यांची आठवण आली नाही.
मार्गुसनं खुर्ची न वळवता अंगठा वर केला
आणि गाजर खात राहिला.

यंत्राला विचारलं, कशासाठी असतील?
त्यानं क्षणात सात कारणं दिली,
सातही गुळगुळीत, सातही पटण्याजोगी,
आणि नम्रपणे विचारलं, आणखी हवीत?
मला एकच हवं होतं.

शनिवारी हाप्सालूहून बस धरली.
हेल्यू टाम्म वर्तमानपत्रावर आळंबी निवडत होती,
एकोणऐंशी वर्षांची, बोटं मातीनं काळी.
चष्मा कपाळावर ढकलून तिनं माझा कागद पाहिला.
"अक्षर माझंच."
छापील कोडला कसलं आलंय अक्षर,
पण मला कळलं ती काय म्हणते ते:
कंसाआधी एक जागा मोकळी सोडायची तिची सवय.

"कशासाठी, ते नाही आठवत.
फोन आला होता कुणाचातरी. बाईचा.
की बंदरावरच्या माणसाचा?
नाही आठवत, पोरी."
बराच वेळ नुसती सुरी चालली.
मग म्हणाली,
"पण उगाच असतं ना, तर मी दहा लिहिलं असतं.
अकरा कुणी मनानं लिहीत नाही.
अकरा म्हणजे कुणीतरी घड्याळ घेऊन उभं होतं."

परतताना तिनं आळंबी बांधून दिली.
मी तो बदल तसाच लोंबकळत ठेवला,
ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर.
मार्गुस रोज विचारायचा, अजून?
अजून.

जानेवारीतला दुसरा गुरुवार. पारा उणे चौदा.
तिसऱ्या धक्क्यावर मी घड्याळ घेऊन उभी.
बोटीचं इंजिन जागच्या जागी घुरघुरत होतं,
मागचा बर्फ फुटत होता, पुन्हा सांधत होता.
चौथ्या मिनिटाला एक कुत्रा आला, हुंगून गेला.
नवव्याला रस्त्यावर दूर एक दिवा दिसला,
जवळ आला, जवळ आला,
आणि लाकडाच्या वखारीकडे वळला.
अकराव्याला फळी उचलली.
कुणीच आलं नाही.

दोर गुंडाळणाऱ्या पोऱ्याला विचारलं,
का थांबता रे?
"कॉफीसाठी असेल," तो म्हणाला,
आणि त्याच्या कपातून खरंच वाफ येत होती.

त्या ओळी मी परत जागेवर ठेवल्या. वर लिहिलं:
कारण माहीत नाही.
जिनं लिहिलं तिलाही आता माहीत नाही.
मी एकदा जाऊन पाहिलं, कुणी आलं नाही,
पण एकदा पाहिलं म्हणजे पाहिलं असं होत नाही.
काढायचं तर काढा.
आधी धक्क्यावर जा, गुरुवारी,
जाड हातमोजे घालून.

मार्गुस म्हणाला, कोडपेक्षा टीप लांब झाली.
झाली, म्हटलं.
मंगळवार होता, बाहेर उणे सहा;
बोट वेळेवर सुटली असणार.